लडका बाहर है

२६ जुलै १९८२, सोमवार

आज घरच्यांनी मला सौदीला पाठवलं. पासपोर्ट नाही, विमान नाही — कंधारच्या बसस्टँडवर टपरीत बसल्या बसल्या गेलो!

झालं असं. जैतूनला बघायला उदगीरहून माणसं येणार होती. मला कालच सांगून ठेवलं होतं, सकाळी लवकर जा आणि दिवेलागणीआधी घरी येऊ नको. त्यात नवीन काही नाही. बहिणीला बघायला कुणी आलं की मी आणि माझी कुबडी घरात नसतो.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "और साहबजादे?" अब्बा म्हणाले, "लडका बाहर है." अब्बांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्यांनी हे वाक्य आधीच ठरवून ठेवलं होतं. बाहर म्हणजे घराबाहेर, स्टँडवर, घड्याळं दुरुस्त करत. अगदी खरं. पण हल्ली आमच्यात 'बाहर' या शब्दाला एकच अर्थ उरलाय. गल्लीगल्लीतून पोरं आखाती मुलखात गेलीत आणि ती सगळी 'बाहर' असतात. पाहुणे एकदम खूश. "माशाल्लाह. जिद्दा या रियाध?" अब्बा गप्प. पडद्याआडून अम्मा म्हणाली, "जिद्दा."

गाव अम्मानं निवडलं. हे सगळं जैतूननं सांगितलं, सांगताना आधी हसली, मग रडायला लागली. "मैं बोल देती उनकू, भाईजान." मी म्हणालो, खबरदार. मग म्हणाली, ठीक आहे, मी गप्प बसेन, पण माझ्या तोंडून खोटं निघणार नाही. म्हटलं, तेवढं पुरे.

तिला चोविसावं चालू आहे. याआधी दोन पैगाम आले आणि मला बघून परत गेले. हिमायतनगरवाल्यांनी तर निरोप पाठवला — मुलगी पसंत, पण उद्या तिच्या पोरांचे पाय कसे निघतील कुणी सांगावं? मला तिसऱ्या वर्षी ताप आला, डावा पाय वाळला. लोक त्याला खानदानाचा ऐब म्हणतात. तापाला काय माहीत कुणाचं खानदान! पण भोगते ती. हे जुळलं नाही तर ती माझ्यापायी घरात बसून राहील. मला एवढंच पाहिजे की ती जावी.

२७ जुलै

जिद्द्यात ऊन फार असतं म्हणे. इथंही कमी नाही. आर्द्रा कोरड्या गेल्या, पुष्यही तसंच चाललंय.

६ ऑगस्ट, शुक्रवार

जुम्मा. कुबडी चपलांच्या ढिगात ठेवली आणि जमिनीवरून सरकत आत गेलो.

बारा वर्षं हे चाललंय, तरी दर शुक्रवारी राग नव्यानं येतो. कुबडीचं रबर गटारीतून, शेणातून येतं, म्हणून ती नापाक, म्हणून तिची जागा चपलांत. सदर साहेबांचा कायदा. सदर साहेब म्हणजे आमच्या गल्लीच्या मशीद कमिटीचे अध्यक्ष, लाकडाचे व्यापारी. माणूस वाईट नाही, ईदला मला न चुकता मिठी मारतात. पण कुबडी ही माझी चप्पल नाही, पाय आहे, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही. लोक पाय धुऊन आत जातात ना? मग मीही धुऊनच येतो. जैतून शुक्रवारी सकाळी कुबडी घासते, रबरात रुतलेली खडी सुईनं काढते. आता पाणी टँकरचं, तरी एक तांब्या कुबडीसाठी बाजूला ठेवते. अम्मा बडबडते.

सरकत सरकत शेवटच्या सफेपर्यंत पोचतो, तिथंच बसतो. सफ म्हणजे नमाजेची रांग. रांगेत खांद्याला खांदा लागला पाहिजे असं सगळे सांगतात. पण मला पाय पसरून बसावं लागतं, मग शेजारचा आपोआप जरा लांब होतो. हातभर फट राहते. ती फट माझी.

नवे मौलवी साहेब तरुण आहेत, धर्माबादकडचे. आज त्यांनी मदिन्यातल्या एका आंधळ्या सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याची, गोष्ट सांगितली. ते अजान द्यायचे, रसूल त्यांचा केवढा मान ठेवायचे. सगळे सुबहानल्लाह म्हणाले. आमचे आंधळे करीमचाचा जिन्याला टेकून ऐकत होते. त्यांच्याकडं कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

जैतून चिडवते, वही मराठीत का लिहितोस. उर्दू शाळा माडीवर भरायची. मराठी शाळा खाली होती. एवढंच कारण आहे.

१५ ऑगस्ट, रविवार

आजपासून लातूर जिल्हा. शेजारी शेषेरावांचं चहाचं हॉटेल, त्यांच्या रेडिओभोवती सकाळी गर्दी. "खय्यूमभाई, आता लातूरवाले आपल्याला वळखतेत का न्हाई?" असं म्हणून शेषेराव एकटेच हसले. दूध मिळेना म्हणून काळा चहा विकून राहिलेत बिचारे.

उदगीर आता उस्मानाबादचं नाही, लातूरचं. आणि जैतूनसाठी बघितलेला मुलगा — मुनीरोद्दीन त्याचं नाव — उदगीरच्या तहसिलीत कारकून होता, त्याला लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत घेतलं, बिऱ्हाड मात्र उदगीरलाच. अम्मा धास्तावली. मुलगा जिल्ह्याचा झाला, आता कशाला आपल्याकडं बघतील? पण संध्याकाळी माणूस आला, होकार घेऊन. सोबत एक लाडाचं वाक्य — साहबजादे सुट्टीवर आले की एक टेपरेकॉर्डर तर आणतीलच.

अम्मानं शुक्रान्याची नमाज पढली. अब्बा अंगणात बसून राहिले. होकार जिद्द्याच्या खय्यूमला आलाय हे आम्हां चौघांना कळत होतं.

१९ ऑगस्ट, गुरुवार

आज दुपारनंतर एकही घड्याळ उघडलं नाही.

आज मंगनी होती. खालीचा महिना लागायच्या आत उरकून घ्यायचं ठरलं, खालीच्या चाँदमध्ये आमच्यात शुभकार्य करत नाहीत. उदगीरची मंडळी अकराच्या गाडीनं उतरली, बायका पुढं, हातात फुलांची टोपली. मी मान खाली घालून भिंग डोळ्याला लावलं. मंगनीला नवरदेवानं मुलीच्या घरी जायचं नसतं. तो सोबत आला होता, पण स्टँडवर थांबला. आणि थांबून काय करणार? फिरत फिरत माझ्या टपरीवर आला.

घड्याळाच्या पट्ट्याची पिन सैल झाली होती. मी बसवायला घेतली. तो बाकड्यावर टेकला. उंच, दात जरा पुढं, बोलायला गोड. इथं कशासाठी आलात असं मी विचारलंही नव्हतं, आपणच सांगायला लागला — मंगनी आहे माझी, बडे शरीफ लोग हैं. होणारे मेहुणे बाहर असतात, जिद्द्याला. "उनकू देखने का बहुत शौक है मेरेकू. सगा भाई नहीं ना मेरेकू."

मी म्हणालो, "अच्छा."

पिन बसली. त्यानं नोट दिली, मी सुटे शोधायला लागलो तर त्यानं हात धरला. त्याची नजर कुबडीकडं गेली होती. "रहने दो मियाँ. सदका समझ के रख लो. दुआ करना मेरे लिए."

सदका! अंगावरची बला टळावी म्हणून गरीब-अपंगाला देतात तो. माझ्या बहिणीच्या मंगनीच्या दिवशी. मी म्हणालो, "करूँगा." आणि खरंच केली, मनातल्या मनात, तो उठून गेल्यावर. त्याचा राग करायला मला काही सापडलं नाही. दुष्ट असता तर बरं झालं असतं.

शेषेरावांनी चहाची किटली खाली ठेवली. "तुमी सांगितलं का न्हाई त्याला?" म्हटलं, काय सांगू? त्यांनी बाकडं पुसून घेतलं. मग म्हणाले, "लई अवघड झालं मग. आता त्यानं तुमाला पाह्यलं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आजवर वाटायचं, एकदा लग्न होऊ दे, वर्ष-सहा महिन्यांनी सांगून टाकू, हसण्यावारी नेतील. आता कसं सांगणार? ज्याला भीक घातली तो तुझा मेहुणा होता म्हणून? कुठल्या तोंडानं तो परत सासरी येईल?

घरी सांगितलं. अम्मानं कपाळाला हात लावला. जैतून म्हणाली, मोडून टाका, मला नाही करायचं. बोटात आजचीच अंगठी. मी तिच्यावर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, मला पाहिजे आहे हे लग्न, माझ्यासाठी कर. ती उठून आत गेली.

२० ऑगस्ट

ती नोट करीमचाचांना देऊन टाकली. त्यांनी विचारलं, कशाची? म्हटलं, सदक्याची. त्यांनी दुआ दिली. फिरत फिरत गेली एकदाची योग्य ठिकाणी.

३ सप्टेंबर, शुक्रवार

आज सदर साहेब टपरीवर आले, स्वतः. बाकड्यावर बसले, चहा घेतला, घरच्यांची चौकशी केली. मला वाटलं मशिदीचं घड्याळ बंद पडलं.

रविवारी ईदगाहवर पावसासाठीची नमाज. तीन दिवस रोजे, सगळं गाव जाणार, जनावरंसुद्धा न्यायची. "और तुम सामने रहना, खय्यूम. पहली सफ में." माझा कानावर विश्वास बसेना. मग त्यांनी समजावलं — कायदाच आहे तसा, म्हातारे, आंधळे, लंगडे, दुबळे यांना पुढं करायचं. त्यांच्याकडं बघून अल्लाला रहम येतो. "तुम लोगों के सदके में ही हमकू रोटी मिलती."

मौलवी साहेब सोबत होते, जमिनीकडं बघत. मी विचारलं, "आणि कुबडी?" सदर साहेब म्हणाले, ईदगाहवर चटया नाहीत, माती आहे, खुशाल आण. उलट आणच.

४ सप्टेंबर

अब्बा म्हणतात, जायचं नाही. आसपासच्या गावची माणसं येतील, कुणी ओळखीचं निघालं, उदगीरला बोललं तर? एका दारात मला लपवायचं आणि दुसऱ्या दारात मांडून ठेवायचं — अब्बा आणि सदर साहेब, दोघांनी मिळून आधी काय ते ठरवा म्हणावं.

जाणार आहे. खोटं कशाला लिहू, पहिल्या सफेचा मोह आहे.

५ सप्टेंबर, रविवार

गेलो.

ईदगाहच्या भिंतीपासून पार रस्त्यापर्यंत माणसं. सगळे जुन्या कपड्यांत, अनवाणी. एका बाजूला शेळ्या, आणि त्यांची करडं दोरीनं बांधून दुसऱ्या बाजूला, मुद्दाम तोडलेली, म्हणजे ती ओरडतील आणि वर ऐकू जाईल. ओरडत होतीच. आमची सफ सगळ्यांत पुढं. मी, करीमचाचा, कमरेत वाकलेले दोनतीन म्हातारे, आणि एक माणूस कडेवर मुलगी घेऊन. मुलगी मोठी, पाय लोंबत होते, मान सावरत नव्हती, तोंडातून लाळ. मी विचारलं कुणाची. म्हणाला, माझी, गुलनाज, नऊ वर्षांची. राहता कुठं? त्यानं गल्ली सांगितली. आमच्या घरापासून तिसरं दार! नऊ वर्षं तिसऱ्या दारात राहते आणि मी तिला आज पाहिलं. आणि मी घरच्यांना लपवाछपवीबद्दल बोलतो.

कुबडी मातीत रोवली, तिला धरून उभा राहिलो. नमाजेत उभा! डाव्या खांद्याला करीमचाचांचा खांदा लागला, उजव्याला गुलनाजच्या बापाचा. फट नाही. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. मौलवी साहेबांनी अंगावरची चादर उलटी करून घेतली, तळहात जमिनीकडं केले — पावसाच्या दुआत हात असे उलटे धरतात — आणि रडायला लागले. मागं हजार माणसं हुंदके द्यायला लागली. सदर साहेब तर लहान मुलासारखे रडत होते. कुणीतरी मागून म्हणालं, या अल्ला, या लुळ्यापांगळ्यांकडं बघ.

तेव्हा बरं वाटणं संपलं. आम्हांला सफेत घेतलं नव्हतं, करडांसारखं बांधलं होतं.

मी रडलो नाही. मी मनात म्हणालो, पाऊस पाड, मला सगळ्यांसारखीच तहान लागते. पण माझ्याकडं बघून पाडू नको.

१० सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस नाही. मशिदीच्या हौदाला तळाशी भेगा पडल्यात, लोक मातीवर हात मारून वजू, म्हणजे नमाजेआधीचं हातपाय धुणं, कोरडंच उरकतात. मौलवी साहेबांनी धीर करून सदर साहेबांना विचारलं — माणूस मातीनं पाक होतो, मग कुबडी का नाही? तिचं रबर मातीत घासून घ्या आणि आत येऊ द्या. सदर साहेब म्हणाले, "अभी तो नई चटाइयाँ डाली हैं."

मग माझ्याकडं वळून, हळूच, अगदी प्रेमानं — "तू उस दिन रोया नहीं खय्यूम. सब ने देखा."

म्हणजे पाऊस माझ्यामुळं पडला नाही. कुबडी चपलांत ठेवली. शेवटची सफ, हातभर फट.

२९ सप्टेंबर, बुधवार

बकरी ईद. अब्बांनी आणलेली बकरी मागचा पाय ओढत चालते हे घरी आल्यावर कळलं. कुर्बानीला जनावर बेऐब लागतं, लंगडं चालत नाही. मालकानं बदलून दिली. तिला परत नेताना मी दारातच होतो. तेवढा एक फायदा आहे बाई आपल्याला, म्हटलं.

६ ऑक्टोबर, बुधवार

उद्या निकाह. मला आज दुपारच्या गाडीनं धर्माबादला मामूकडं जायचंय. सकाळी जैतून कुबडी धुवायला बसली. आज शुक्रवार नाही, म्हटलं, राहू दे. हातावर मेंदी आहे. ती म्हणाली, "फिर कब धोऊँगी?" मेंदीच्या हातांनी रबरातली खडी काढत बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मेहुण्यासाठी एक जपानी घड्याळ तयार केलंय. एका हाजींकडून मोडकं घेतलं होतं, दोन महिने खपून चालतं केलं, नवी काच, नवा पट्टा. अब्बा ते मांडवात देतील. या वेळी अब्बांना सरळसोट खोटं बोलावं लागेल, 'बाहर से भेजा है' म्हणून. पण नाही, तेही खरंच निघेल, मी गावाबाहेरच असेन ना.

७ ऑक्टोबर

धर्माबाद. मामूच्या ओट्यावर बसून मिरचीच्या गाड्या बघतोय. दोन वाजले. झाला असेल निकाह.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली जुमागी. लग्नानंतर पाच शुक्रवार जावयाला सासरी जेवायला बोलवायचं ही आमच्याकडची रीत. म्हणजे पाच शुक्रवार मी नाही. घरी नाही, टपरीवर नाही — कारण गाडी स्टँडवरच येते — आणि मशिदीत तर नाहीच, जावई तिथं नमाजेला येणार. एवढी वर्षं चपलांत तरी जागा होती.

शेषेरावांनी हॉटेलामागच्या कोठीत बसवलं. साखरेची पोती, लाकडं, उंदीर. फळीच्या फटीतून स्टँड दिसतो. साडेदहाला ती दोघं उतरली. मुनीर पुढं, हाताला माझं घड्याळ. जैतून मागं, नवा काळा बुरखा, पण चाल मी ओळखतो. माझी टपरी बंद बघून ती थांबली. फळीवर हात ठेवला. मुनीरनं विचारलं असेल काहीतरी, तिनं मान हलवली आणि चालायला लागली.

शेषेराव चहा घेऊन आत आले. "बहीण हाय तुमची. निस्तं बोलला असताव तर काय आभाळ पडलं असतं?" म्हटलं, शेषेराव, आभाळातून काही पडत असतं तर प्रश्न कुठं होता. ते हसले नाहीत. मीही नाही.

२१ ऑक्टोबर

मोहर्रम लागला. जुमाग्या महिनाभर बंद. टपरी उघडली.

१२ नोव्हेंबर

जैतूनचं पत्र, अब्बांच्या नावावर. मजकूर सगळा मला. सासू चांगली आहे, मुनीर चांगले आहेत. पण रोज एकच विचारणा — भावाचं पत्र का येत नाही? टेपरेकॉर्डर राहू दे, बहिणीच्या लग्नाला दोन ओळी नकोत? काल सासू म्हणाली, "भाई है भी, या यूँही?" मुनीर रागावले आईवर. ते म्हणतात, मी स्वतः जिद्द्याला लिहितो, पत्ता दे. जैतूननं काही उत्तर दिलं नाही. 'मी गप्प बसते भाईजान, पण किती दिवस?'

पत्ता! मी विचार केला, आपणच लिहावं एक पत्र, कुणी हजला-बिजला जाणाऱ्याच्या हाती देऊन तिथून टाकायला लावावं. कागद घेऊन बसलो. मला उर्दू लिहिता कुठं येते? पाचवीतल्या पोरासारखी अक्षरं. आणि जिद्द्याहून मराठीत पत्र — 'स. न. वि. वि.' घालून! माझं मलाच हसू आलं. मौलवी साहेबांकडं गेलो, तुम्ही लिहून द्या म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, खोटं लिहिणार नाही. खरं लिहायचं असेल तर आत्ता लिहितो, मी स्वतः उदगीरला नेऊन देतो, मुनीरच्या पुढ्यात बसतो.

मी म्हणालो, उद्या सांगतो.

१३ नोव्हेंबर

अम्मानं पाय धरले. माझे, पोराचे. एक वाळलेला आणि एक धड, दोन्ही. जैतूनचं घर मोडू नको म्हणाली.

मौलवी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. जाताना म्हणाले, मीही चटयांपुढं गप्प बसलो, तुम्हांला काय बोलू.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी जुमागी. कोठी. मुनीर एकटाच आला, जैतूनला ताप म्हणे. शेषेरावांना विचारत होता, तो घडीवाला कुठं गेला? त्याला हे जपानी घड्याळ दाखवायचं होतं, माझ्या मेहुण्यानं पाठवलंय, दिवसाला मिनिटभर पुढं जातं. शेषेराव म्हणाले, गावाला गेलेत.

फटीतून चार हातांवर त्याचं मनगट दिसत होतं. आतली केसासारखी बारीक कमान जरा सैल करायला हवी, अर्ध्या तासाचं काम. मी तोंडावर हात दाबून बसलो.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरी जुमागी. कुणीच आलं नाही. संध्याकाळपर्यंत पोत्यांत बसलो, उगाच.

३ डिसेंबर, शुक्रवार

जैतूनचं पत्र, या वेळी थेट टपरीच्या पत्त्यावर. उर्दू मला अक्षराला अक्षर लावत वाचावी लागते, वेळ लागला. सोमवारी सासरची सगळी मंडळी तिला घेऊन बसली, भावाचा पत्ता सांग म्हणून. ती म्हणाली, भाऊ वारला. जिद्द्यात मोटारीखाली आला, तिथंच दफन केलं, आम्हांला कालच कळलं. 'मेरे मुँह से निकल गया भाईजान. मुझे माफ करना.' मुनीर दोन दिवस जेवले नाहीत. आज उदगीरच्या मशिदीत जुम्म्यानंतर इमाम साहेब माझं नाव घेऊन दुआ मागणार आहेत.

आज टपरी उघडी ठेवली आहे. पावणेदोन झाले. आमीन म्हणून झालं असेल.